कला शाखेत प्रवेश घेताना: मुख्य विषय, मायनर आणि साधनांची भाषा

सीनाकाठ

बारावीचे निकाल लागले की कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रश्न दरवर्षी येथे येतात आणि त्यांना मिळणारी उत्तरेही ठरलेली असतात: स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल तो विषय घ्या, गुण पडतात तो विषय घ्या, घराजवळचे महाविद्यालय बघा. मी पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांना इतिहास शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमांची मांडणी मुळापासून बदलली असल्याने ही उत्तरे आता अपुरी पडतात, म्हणून हा धागा काढत आहे. उदाहरणे इतिहासाची देईन. मराठी, पाली, संस्कृत, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र या विषयांच्या जाणकारांनी आपापली भर घालावी, अशी विनंती आहे.

आधी चौकट. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. महाराष्ट्रात तो 2023-24 पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 160 श्रेयांक लागतात. यांतले साधारण निम्मे श्रेयांक मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे असतात. उरलेले मायनर (म्हणजे जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषयाबाहेरचा ऐच्छिक पेपर), कौशल्याचे पेपर, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव अशा कप्प्यांत वाटले जातात. कोणत्या सत्रात कोणता कप्पा येतो, यात विद्यापीठागणिक फरक आहे. व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला 15 तास धरतात, त्यामुळे चार श्रेयांकांच्या पेपरला सत्रभरात 60 तास मिळतात.

याचा परिणाम असा, की इतिहास घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी आपला निम्मा वेळ इतिहासाबाहेर घालवतो. हे नुकसानच आहे असे मी म्हणणार नाही. त्या बाहेरच्या कप्प्यांचा मुख्य विषयाशी सांधा जुळला, तर जुन्या पद्धतीपेक्षा ही मांडणी कितीतरी सरस ठरू शकते. मात्र बहुतेक ठिकाणी हे कप्पे वेळापत्रकाच्या सोयीने भरले जातात. प्रवेशाच्या खिडकीवर अर्ज भरताना मायनरच्या रकान्यात काय लिहायचे ते मागचा मित्र सांगतो, आणि पुढची तीन वर्षे त्या रकान्यावर ठरतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मानव्यविद्येतील कोणताही विषय निवडताना त्या विषयाची मूळ साधने कोणत्या भाषेत आणि लिपीत आहेत ते आधी विचारावे, आणि मायनर, इलेक्टिव्ह व कौशल्याचे पेपर यांतून ती भाषा किंवा लिपी पदरात पाडून घ्यावी. इतरांनी काढलेले निष्कर्ष पाठ करणे बारावीपर्यंत पुरेसे असते. पदवीच्या वर्गात विद्यार्थ्याने एखादा तरी मूळ कागद स्वतः वाचलेला असावा.

मराठ्यांच्या इतिहासाचे घ्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले कागद आहेत आणि त्यांतील बहुतांश मोडी या जुन्या मराठी लिपीत आहेत. गो. स. सरदेसाई यांनी 1930 च्या दशकात त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड छापून काढले, तरी दफ्तराच्या मानाने तो अगदी लहान भाग आहे. आता वर्गात काय घडते ते पाहा. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरे लटकवत जातात; शब्द तुटत नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद नसतो, सराईत कारकुनाचा हात असेल तर अक्षराला अक्षर जोडून पुढे जातो. पहिले काही आठवडे विद्यार्थी चाचपडतात. मग ‘राजश्री’, ‘मौजे’, ‘परगणे’ हे नेहमीचे शब्द ओळखीचे होतात आणि वाचन पुढे सरकू लागते. खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. समजा, पत्राच्या शेवटी ‘छ 21 जमादिलावल, इहिदे सितैन मया व अलफ’ असा दिनांक आला. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याची तिथी. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली अरबी शब्दांत लिहायची कालगणना, 1161. हे साल मृग नक्षत्राला बदलते. त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला इसवी सन काढताना 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणून आपला कागद 1760 च्या डिसेंबरअखेरचा ठरतो, म्हणजे पानिपतच्या संग्रामाआधी जेमतेम दोन आठवड्यांचा. नेमका हा हिशेब चुकला आणि वर्ष 1761 धरले, तर पत्र लिहिणाऱ्याला पानिपतचा निकाल ठाऊक होता असे समजून सगळा मजकूर उलटा वाचला जातो. वर्गातला विद्यार्थी ज्या क्षणी स्वतः ही बेरीज करून पत्राकडे पुन्हा पाहतो, त्या क्षणी इतिहास म्हणजे काय हे त्याला समजू लागते. शंभर गुणांची प्रश्नपत्रिका हे काम करू शकत नाही.

त्यामुळे प्रवेशापूर्वी विभागात जाऊन विचारावे: मोडीचा पेपर आहे का? असल्यास तो व्याख्यानाचा म्हणून नोंदलेला आहे की प्रात्यक्षिकाचा? हा प्रश्न किरकोळ नाही. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास धरतात, म्हणून दोन श्रेयांकांचा मोडीचा पेपर एका ठिकाणी 30 तासांत संपतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला 60 तास मिळतात. तीस तासांत मुळाक्षरे होतात. कागद वाचता येण्यासाठी साठ लागतात, आणि त्यापुढेही सराव हवाच.

रानजाई

सीनाकाठ सर, नमस्कार. माझ्या मुलीने कला शाखेतून बारावी केली असून तिला इतिहासच घ्यायचा आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. आम्ही तालुक्याच्या ठिकाणी राहतो. येथील महाविद्यालयात इतिहास मेजर म्हणून आहे. मायनरला राज्यशास्त्र, भूगोल किंवा मराठी मिळेल. मोडीचे नावही कोणी काढले नाही. जिल्ह्याच्या गावी ठेवायचे तर वसतिगृह किंवा खोली, खानावळ आणि प्रवास हा खर्च आम्हाला झेपण्यासारखा आहे, पण ओढाताण होईल. तिच्या काकांचे म्हणणे आहे की येथेच प्रवेश घ्यावा आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करावा. तीन वर्षे पुरेत की चौथे वर्ष करावे, हेही आम्हाला कळत नाही. आपण सांगता तसे शिक्षण तालुक्याच्या मुलीला मिळू शकते का?

सीनाकाठ

रानजाई, मिळू शकते. त्यासाठी थोडी आखणी करावी लागेल.

तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहासाचे दोन पूर्णवेळ प्राध्यापक असतील आणि त्यांपैकी एकालाही कागदपत्रांत, शिलालेखांत किंवा स्थानिक इतिहासात रस असेल, तर केवळ मोडीचा पेपर नाही म्हणून मुलीला शहरात पाठवू नये. त्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटावे. सध्या कोणत्या वर्गाला काय वाचून घेता, मुलांकडून काय लिहून घेता आणि तपासून परत देता का, हे विचारावे. विभागातले शिक्षक तासिका तत्त्वावरचे असतील आणि दर जूनला बदलत असतील, तर मात्र विचार करावा. ते कमी दर्जाचे असतात असे माझे अजिबात म्हणणे नाही; माझ्या पाहण्यातले काही उत्तम वाचक तासिका तत्त्वावरच आयुष्य काढत आहेत. परंतु विद्यार्थ्याला तीन वर्षे ओळखणारा, त्याच्या पहिल्या निबंधाची तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाशी तुलना करू शकणारा माणूस विभागात असावा लागतो.

मोडीची सोय बाहेर करता येते. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. पुण्यात 1910 साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडीचे वर्ग होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी अशा वर्गाला जाऊ शकेल. श्रेयांकांच्या हिशेबात बसणारे काही हवे असेल, तर स्वयम् या केंद्रीय व्यासपीठावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून मान्य करण्याची मुभा आयोगाने विद्यापीठांना दिली आहे. प्रत्येक महाविद्यालय ती वापरू देतेच असे नाही, म्हणून प्राचार्यांकडून आधी लेखी होकार घ्यावा.

मायनरच्या तीन पर्यायांत मी मराठी सुचवेन. राज्यशास्त्र आणि इतिहास यांचे पेपर एकमेकांवर बरेच चढतात. मराठीतून मुलीला जुनी भाषा, बखरी, संतवाङ्मय आणि महानुभावांचे गद्य यांची ओळख होईल, आणि मोडी शिकताना ती ओळख रोजच्या रोज उपयोगी पडेल. शिवाय पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या आयोगाच्या आराखड्यानुसार मेजर आणि मायनर या दोन्हींपैकी कोणत्याही विषयात एम. ए. ला जाता येते, आणि प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास तिसऱ्याच विषयातही. त्यामुळे मायनरचा रकाना भरताना आपण दुसऱ्या एम. ए. चे दार उघडे ठेवत असतो.

चौथ्या वर्षाचा निर्णय आज घेण्याची गरज नाही. संलग्न महाविद्यालयांत नव्या पद्धतीने शिकणारी पहिली तुकडी 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल, तोवर बरेच काही स्पष्ट होईल. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. म्हणजे हे वर्ष हवे असणाऱ्याला पहिल्या सत्रापासून गुण सांभाळावे लागतात.

शब्दवेध

सीनाकाठ यांच्या पहिल्या लेखनातील कळकळ मला पटते, पण त्यांच्या मुख्य मुद्द्याला माझा थोडा विरोध आहे. मी मराठीत एम. ए. केले आणि गेली अनेक वर्षे पुस्तकांचे संपादन व मुद्रितशोधन करत आहे. बी. ए. च्या वर्गात बसलेल्या साठ मुलांपैकी दफ्तरखान्यात जाणारी दोन-तीन असतील. बाकीची मुले शाळेत, बँकेत, वृत्तपत्रात, पंचायत समितीत, स्वतःच्या शेतीत किंवा दुकानात जातील. त्यांना मूळ साधनांपेक्षा एक पान नीट लिहिता येणे अधिक गरजेचे आहे. माझ्याकडे कामाला येणारे पदवीधर, त्यांत प्रथम श्रेणीचेही, परिच्छेद कोठे संपवायचा ते ठरवू शकत नाहीत. एखादा उतारा वाचून त्यात लेखकाचे विधान कोणते आणि त्यासाठी दिलेला आधार कोणता, हे त्यांना वेगळे करता येत नाही. तीन वर्षांत त्यांच्याकडून कोणी सलग हजार शब्दांचे स्वतःचे लेखन करून घेतलेलेच नसते. गाईडमधली उत्तरे लिहून पदवी मिळते, आणि तो दोष मुलांचा नाही.

म्हणून माझी पालकांना सूचना अशी, की विभागात गेल्यावर अंतर्गत मूल्यमापन कसे करता ते विचारा. वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी घेऊन गुण देत असतील तर तेथे लेखन शिकवले जाणार नाही. निबंध, पुस्तक परीक्षण, क्षेत्रभेटीचा अहवाल असे काही असेल तर मागच्या वर्षीची एक-दोन टिपणे पाहायला मागा. शिक्षकाने समासात काही लिहिले आहे की नुसती बरोबरची खूण करून गुण दिले आहेत, हे पाच मिनिटांत दिसते. माझ्या बाईंनी माझे पहिले टिपण तीन वेळा परत दिले होते. प्रत्येक वेळी समासात एकच प्रश्न असायचा: ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ माझ्या आजच्या कामाचा पाया तो प्रश्न आहे.

मराठीपुरते एक सांगते. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ 2024 पासून सुरू झाले आहे, आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र; लीळाचरित्रकार म्हाइंभटांचे लेखन त्या परिसराशी जोडलेले आहे. महानुभाव पोथ्यांची सकळ ही सांकेतिक लिपी वाचणारी तरुण माणसे तेथे तयार झाली, तर अभ्यासाची एक मोठी पोकळी भरून निघेल. येथे मी सीनाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझा आग्रह इतकाच, की लिपीचा क्रम लेखनानंतर लागावा.

सीनाकाठ

शब्दवेध, आपला प्रश्न आणि माझा कागद यांत मला अंतर दिसत नाही. ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर विद्यार्थ्यापुढे काहीतरी मूळ असावे लागते. दुय्यम पुस्तकावरून लिहिणारा विद्यार्थी ‘अमुक इतिहासकार म्हणतात’ एवढेच उत्तर देऊ शकतो. दोन पानांचे पत्र समोर ठेवून त्यावर हजार शब्द लिहायला सांगितले, की त्याला स्वतःचे विधान करावेच लागते. तरीही लेखनाचा आग्रह माझ्या पहिल्या लेखनात यायला हवा इतका आला नव्हता, आणि आपली समास पाहण्याची सूचना प्रत्येक पालकाने अमलात आणावी अशी आहे.

मांडवी

गोव्याची बाजू मांडते. साधनांची भाषा हा मुद्दा आमच्याकडे आणखी ठळक आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज दफ्तर आहे. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर पांडुरंग पिसुर्लेकर यांनी जे काम केले, ते पोर्तुगीज आणि मराठी या दोन्ही बाजूंचे कागद स्वतः वाचता येत होते म्हणूनच होऊ शकले. आज गोव्याच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांना इंग्रजी अनुवादांवर भिस्त ठेवावी लागते, आणि ज्याचा अनुवाद झाला नाही तो कागद त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसतो. गावकरीचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे) हिशेब, देवस्थानांच्या मिळकती, जमिनीचे वाद यांवरचे असंख्य कागद अशा प्रकारे अभ्यासाबाहेर राहिले आहेत.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, मराठी आणि कोकणीचेही मिळते. सिंधुदुर्ग आणि बेळगावकडच्या विद्यार्थ्यांनी या सोयीचा विचार अवश्य करावा. सावंतवाडीच्या इतिहासात पोर्तुगीज कागदांचे महत्त्व किती आहे, हे वेगळे सांगायला नको. बी. ए. इतिहास आणि त्याच्या जोडीला तीन वर्षे पोर्तुगीज असे ज्याने केले आहे, त्याच्यासाठी एम. ए. च्या लघुप्रबंधाचे विषय शोधावे लागत नाहीत. दफ्तरात ते वाट पाहत आहेत.

उत्तररात्र

मी सध्या पीएच. डी. करत आहे आणि माझा विषय पाली साहित्याशी संबंधित आहे. पदव्युत्तर टप्प्याबद्दल लिहितो, कारण पदवीला प्रवेश घेतानाच पुढचे नियम माहीत असले तर निर्णय सोपे होतात.

दोन वर्षांच्या एम. ए. मध्ये आता महाराष्ट्रात संशोधन पद्धतीचा पेपर, प्रत्यक्ष कामाचा किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असा क्रम आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एम. ए. एका वर्षात पूर्ण करता येते. एम. फिल. बंद झाले. ते बंद होण्याचा तोटा मी जवळून पाहिला आहे: पीएच. डी. च्या आधी वर्ष-दीड वर्ष लहान विषयावर हात बसवण्याची जी संधी होती ती आता नाही, म्हणून एम. ए. चा संशोधन प्रकल्पच गांभीर्याने करावा लागतो. अनेक विभागांत तो शेवटच्या महिन्यात जुळवला जातो. तसे होऊ देऊ नये. मार्गदर्शक पहिल्या सत्रातच ठरवावा.

नोव्हेंबर 2022 च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीनंतर 75 टक्के गुण असतील तर थेट पीएच. डी. ला अर्ज करता येतो, एम. ए. नंतर 55 टक्के लागतात, आणि राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे. 2024 पासून प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेचे गुण पीएच. डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. हा आकडा ऐकून पुष्कळ मुले केवळ त्या परीक्षेच्या तयारीत एम. ए. ची दोन्ही वर्षे घालवतात आणि मूळ ग्रंथ एकही वाचत नाहीत. नंतर विषय निवडायची वेळ आली की अडतात. अधिछात्रवृत्तीची रक्कम दर महिन्याला वेळेवर येईल असे गृहीत धरून राहण्याचा खर्च ठरवू नये, हेही सांगून ठेवतो. माझ्या ओळखीच्या अनेकांना महिनोन् महिने थांबावे लागले आहे.

पालीबद्दल: मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. पालीला वेगळी लिपी शिकावी लागत नाही, देवनागरीत छापलेले ग्रंथ सहज मिळतात, आणि मराठी माणसाच्या कानाला ती भाषा लवकर ओळखीची होते. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ हे कळायला व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही. तत्त्वज्ञान किंवा प्राचीन इतिहास मेजर घेणाऱ्या विद्यार्थ्याने पाली मायनर घेतली, तर तिसऱ्या वर्षापर्यंत तो सुत्तपिटकातील (बुद्धाच्या उपदेशांच्या संग्रहातील) सोपा गद्य उतारा कोशाच्या मदतीने वाचू लागतो. माझ्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी बुद्धवंदना रोज म्हटली जात होती. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओळींतली विभक्ती, काळ, आज्ञार्थ त्यांना वर्गात प्रथमच उलगडला, तेव्हाचे त्यांचे चेहरे मला विसरता येत नाहीत.

नदीष्ट_मन

येथील सर्वांबद्दल आदर ठेवून विचारतो: या सगळ्यानंतर नोकरी कोठे आहे? माझ्या भावाने इतिहासात एम. ए., सेट आणि पीएच. डी. केली आणि तो आज तीन महाविद्यालयांत तासिका घेत फिरतो. वय छत्तीस. अनुदानित जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला शेकडो अर्ज येतात. मुलींना आणि मुलांना मोडी, पाली, पोर्तुगीज शिकायला सांगताना ही गोष्ट लपवू नये.

सीनाकाठ

लपवण्याचे कारण नाही, आणि आपल्या भावाच्या वाट्याला आलेली परिस्थिती माझ्या अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली आहे. प्राध्यापक होण्यासाठीच एम. ए. करायचे असेल तर आज मी कोणालाही तसा सल्ला देणार नाही. पूर्णवेळ पदे भरली जात नाहीत तोवर मानव्यविद्येच्या अभ्यासक्रमांची कितीही नवी मांडणी केली तरी ती कागदावर राहील, हे मी प्रत्येक बैठकीत बोलतो आणि येथेही लिहितो.

पण पदवीचा विचार वेगळा करावा लागेल. बी. ए. करणाऱ्या बहुसंख्य मुलांना पुढे स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेसाठी धरल्या जाणाऱ्या सात पेपरांचे 1750 गुण आहेत, त्यांतले 500 वैकल्पिक विषयाचे आणि 250 निबंधाचे. बहुपर्यायी परीक्षेच्या काळात वर्गात न बसता तयारी करणे शक्य होते. आता सलग, मुद्देसूद, स्वतःच्या शब्दांत लिहावे लागणार आहे. इतिहास, मराठी साहित्य, तत्त्वज्ञान यांपैकी एका विषयाचा तीन वर्षे नेटाने अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याची ती तयारी वर्गातच होते. म्हणून रानजाईंच्या दिरांना मी सांगेन, की पदवी आणि स्पर्धा परीक्षा यांना वेगवेगळा वेळ देण्याची गरज उरलेली नाही.

लिपी आणि भाषेचे म्हणाल, तर मोडी वाचणाऱ्याला काम मिळते. जमिनीचे जुने फेरफार, इनामपत्रे, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी यांचे लिप्यंतर करून घेण्यासाठी लोक जाणकार शोधत असतात. अलीकडच्या काळात जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी तपासण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत चालले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची चणचण सर्वांनी अनुभवली. हे उत्पन्न नियमित पगारासारखे नसते आणि त्याच्या भरवशावर संसाराची आखणी करता येणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

नदीष्ट_मन

उत्तराबद्दल आभार. भावाला हा धागा वाचायला दिला आहे. मोडी त्याला येते. लिप्यंतराचे काम त्याने आजवर पैसे न घेता केले आहे.

सीनाकाठ

त्यांना अवश्य सांगा, की मोबदला घ्यावा. कौशल्याचे मोल घेणारी माणसे दिसली, तरच पुढची मुले ते कौशल्य शिकतील.

रानजाई

आम्ही काल येथील महाविद्यालयात जाऊन आलो. इतिहास विभागात दोन प्राध्यापक आहेत, दोघेही पूर्णवेळ. शब्दवेध यांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या वर्षीचे प्रकल्प पाहायला मागितले. सरांना आधी आश्चर्य वाटले, मग त्यांनी कपाट उघडून दाखवले. एका मुलीने तालुक्यातील वीरगळांची नोंद केली होती. प्रत्येक दगडाचे मोजमाप, चित्रातील थरांचे वर्णन आणि गावकऱ्यांनी सांगितलेली हकिकत वेगवेगळी लिहिली होती. समासात सरांच्या हाताने पेन्सिलीने प्रश्न होते. मुलीने तो प्रकल्प अर्धा तास उभ्याने वाचला. मायनरला मराठी घेण्याचे ठरले आहे. मोडीबद्दल विचारले, तेव्हा सर म्हणाले की दहा मुले तयार झाली तर ते कौशल्याच्या पेपरसाठी प्रस्ताव पाठवतील. त्यासाठी आम्ही काय करावे? आणि फार्सीचे काय? मुलीने विचारायला सांगितले आहे.

सीनाकाठ

पेन्सिलीचे प्रश्न असलेला विभाग सापडला, तर तो सोडू नये.

प्रस्तावासाठी विद्यार्थ्यांच्या सह्यांचे एक साधे निवेदन विभागप्रमुखांच्या नावे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. विभागाने ते अभ्यासक्रमाच्या मसुद्यासह प्राचार्यांमार्फत विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे पाठवायचे असते. मसुद्यात पेपर प्रात्यक्षिकाचा असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे आणि मूल्यमापन न पाहिलेल्या कागदाच्या वाचनावर ठेवावे. मुळाक्षरे लिहून दाखवण्यावर गुण दिले तर तेवढेच शिकवले जाईल. शिकवायला कोणी नसेल तर जवळच्या गावातील जाणकाराला पाहुणा अध्यापक म्हणून बोलावता येते. सरावासाठी कागद हवेत तर गावातच विचारावे. जुन्या वाड्यांतील पेट्यांत, देवस्थानांच्या दप्तरात, कुळकर्ण्यांच्या घरी मोडी कागद अजूनही सापडतात. मालकांच्या परवानगीने छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ कागद त्यांच्याकडेच राहू द्यावेत.

फार्सी दुसऱ्या वर्षानंतर सुरू करावी. आदिलशाही आणि निजामशाही काळातील कित्येक कागद फार्सी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत; मराठी भाग मोडीतून वाचता येऊ लागला, की शेजारचा फार्सी मजकूर समजायला मोठा आधार मिळतो. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठी वाचकांपर्यंत आणली, त्यांच्यानंतर या वाटेने जाणारे फार थोडे आहेत. तालुक्याला शिक्षक मिळणार नाही हे धरून चालावे. उर्दू शाळेतील शिक्षकांकडून लिपी शिकून घ्यावी, त्या लिपीचा हात बसला की फार्सीचे व्याकरण तुलनेने सोपे जाते. मुलीला सांगा, की मोडीची पहिली तीस पत्रे वाचून झाली की मला येथे निरोप पाठवावा. मी तिला दोन्ही भाषांतला एक कागद पाठवीन आणि त्यावर काय लिहायचे ते तिच्याच सरांशी बोलून ठरवू.